पैशाने किती थांबावे?

भंडाऱ्याहून तुमसरच्या रस्त्याला लागले की वाटेत मोहाडी येते. तालुक्याचे गाव, चौंडेश्वरी देवीचे ठाणे. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, आणि तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचे कापड विणणारे माग. या पट्ट्यात आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येते, ती रक्तातून. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत सिकलसेल ठाऊक नाही असे गाव शोधावे लागेल. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले, तेव्हापासून ही गोष्ट वैद्यकाच्या दप्तरी आहे.

निदानाची जुनी रीत साधी आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा. द्रावण गढूळ झाले आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजायचे. पण माणूस नुसता वाहक आहे की आजारी, ‘एएस’ आहे की ‘एसएस’, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचे यंत्र लागते आणि नमुना पुढे पाठवावा लागतो. नवजात बाळाला तर ही नळी लागूच पडत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते. रिपोर्ट येईपर्यंत पोरगं घरी जाते, आईबाप कामाला लागतात, आणि कित्येकदा खरे निदान होते ते सांधे ठणकून पहिल्यांदा दवाखान्यात दाखल व्हावे लागते तेव्हा.

आता बोटाच्या एका थेंबावर काही मिनिटांत ‘एए’, ‘एएस’, ‘एसएस’ वेगळे सांगणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी करायची असे त्यात ठरले. अशा पट्ट्यांशिवाय एवढा आकडा गाठणे अवघड. मला मात्र त्या पट्टीच्या आधीची वर्षे महत्त्वाची वाटतात. कुणीतरी ती प्रयोगशाळेत बनवली. मग शेकडो नमुन्यांवर तिचे उत्तर यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहिले. हजार जणांत ‘एसएस’ मोजकेच सापडतात, म्हणून आणखी हजारांची वाट पाहिली. बाळांवर तपासायचे तर बाळे जन्मायची वाट पाहिली. या सगळ्या काळात विक्री शून्य होती आणि पगार चालू होते. ते पैसे कुणीतरी दिले, आणि थांबले. ते किती थांबले, का थांबले आणि कुठे उठून गेले, हा या लेखाचा विषय आहे.

समजा, पुण्यात दहा जणांची एक कंपनी आहे आणि तिचा महिन्याचा खर्च दहा लाख आहे. गुंतवणूकदाराला सांगितले की रुग्णांवरची चाचणी बारा महिन्यांत संपेल. ती सव्वीस महिने चालली. वरचे चौदा महिने म्हणजे एक कोटी चाळीस लाख, आणि त्या बदल्यात दाखवायला एकही नवी गोष्ट नाही. पुढचा हप्ता ‘चाचणीचा निकाल’ या अटीवर बांधलेला, आणि निकाल येण्यासाठी त्या हप्त्याचीच गरज. मग संस्थापक आणखी पैसा उभा करतो, पण पडलेल्या भावाने, आणि त्याचा स्वतःचा हिस्सा आटत जातो. गुंतवणूकदारालाही घाई असते, कारण तोही दुसऱ्याचा पैसा सांभाळत असतो. बहुतेक फंडांचे आयुष्य आठ-दहा वर्षांचे. त्यातली पहिली तीन-चार वर्षे पैसे लावण्यात जातात आणि उरलेल्या काळात ते परत काढायचे असतात. ॲपच्या धंद्यात हे गणित जुळते. शरीरात बसवायच्या किंवा शरीराविषयी निकाल देणाऱ्या वस्तूला ते सहसा पुरत नाही.

आपल्याकडचा कायदा याबाबतीत पूर्वीपेक्षा बराच स्पष्ट झाला आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८पासून लागू झाले. धोक्याच्या चढत्या क्रमाने उपकरणांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग झाले. आधी तसे उपकरण बाजारात नसेल तर दोन टप्प्यांची चाचणी करावी लागते. पहिली थोड्या रुग्णांवर, अंदाज घेण्यासाठी. दुसरी मोठी, सिद्ध करण्यासाठी. रक्त-लघवी तपासणाऱ्या किटसाठी वेगळी परवानगी आणि वेगळे मूल्यमापन. प्रत्येक रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची संमती, सरकारी नोंदवहीत नाव आणि चाचणीत इजा झाली तर उपचार व भरपाईची हमी ही सगळी बंधने त्यात आहेत. ती का आली हेही विसरू नये. ‘स्वास्थ्य अधिकार मंच’च्या याचिकेवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधचाचण्यांच्या कारभारावर ताशेरे ओढले, कारण गरीब माणसांवर त्यांना नीट न सांगता प्रयोग झाल्याच्या तक्रारी होत्या. त्यानंतर काही काळ देशातल्या चाचण्यांची संख्या घसरली. उद्योगाला तो काळ जड गेला. मोहाडीसारख्या गावाच्या बाजूने पाहिले तर त्या कडकपणाची गरज होती.

उशीर हा शब्द मात्र आपण फार ढोबळपणे वापरतो. इथल्या शेतकऱ्याला तो तसा वापरता येत नाही. मजूर मिळाले नाहीत, ट्रॅक्टर आला नाही, पऱ्हे वेळेवर टाकले नाहीत म्हणून रोवणी लांबली, तर तो उशीर माणसाचा. एकदा रोवणी झाली की धान निसवायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच. तिथे दुप्पट मजूर लावून काही होत नाही. चाचणीतही हे दोन्ही उशीर असतात आणि कंपनीच्या अहवालात ते एकाच ओळीत येतात. कृत्रिम सांधा पाच वर्षे टिकतो का, हे कळायला पाच वर्षे लागणार. एथिक्स कमिटीची बैठक तीन वेळा कोरमअभावी पुढे गेली, रुग्णालयाचा करार कायदा विभागात अडकला, रुग्ण नोंदवणाऱ्या निवासी डॉक्टरची बदली झाली, हा दुसरा प्रकार. माझे म्हणणे एवढेच, की पैशाने पहिल्या उशिरापुढे थांबावे आणि दुसऱ्यावर तुटून पडावे. घडते बहुधा उलटे. कार्यालयातल्या दिरंगाईला ‘इथे असेच चालते’ म्हणून खांदे उडवले जातात, आणि शरीराच्या काळाला कात्री लावता येईल का, अशी विचारणा मात्र बैठकीत होते.

ती कात्री लावली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा खुब्याचा धातूचा सांधा अमेरिकेत जुन्या सांध्यांशी ‘साधर्म्य’ दाखवून मान्य झाला. रुग्णांवर स्वतंत्र चाचणी करावी लागली नाही. सांध्याचे दोन धातूचे भाग एकमेकांवर घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागले. ऑगस्ट २०१०मध्ये जगभरातले सुमारे ९३ हजार सांधे परत मागवण्यात आले. भारतात ते सुमारे ४७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते आणि त्यांत मुंबईतले रुग्ण बरेच. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला. पुढे डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने रुग्णांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. अमेरिकेत २०१३ साली कंपनीने जवळपास अडीच अब्ज डॉलरांची तडजोड मान्य केली. चाचणीची काही वर्षे वाचवली होती, त्यांची किंमत ही. ती गुंतवणूकदाराच्या खिशातून गेली, पण त्याआधी माणसांच्या खुब्यातून गेली.

धीर धरल्यावर काय हाती लागते याचेही उदाहरण आहे, आणि ते कुठल्याही अर्थाने गोड नाही. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीभोवतीच्या नसा उष्णतेने शांत करून रक्तदाब उतरवायचा, या कल्पनेसाठी मेडट्रॉनिकने २०१० साली आर्डियन ही कंपनी ८० कोटी डॉलर मोजून घेतली. जानेवारी २०१४मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल लागला. ५३५ रुग्णांपैकी काहींवर खरी प्रक्रिया आणि काहींवर नुसती तिची बतावणी केली होती. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. इतर काही कंपन्यांनी आपापले कार्यक्रम गुंडाळले. मेडट्रॉनिकने मात्र नापास चाचणी उलगडून पाहिली. नसा पुरेशा जाळल्या गेल्या होत्या का? रुग्ण गोळ्या कमीजास्त घेत होते का? त्यांनी नळीची रचना बदलली आणि चाचण्या नव्याने मांडल्या. अमेरिकेची मान्यता मिळाली नोव्हेंबर २०२३मध्ये, खरेदीनंतर तेरा वर्षांनी. हा धीर मेडट्रॉनिकला परवडला, कारण तिच्या इतर उपकरणांची विक्री सुरू होती. एकाच उपकरणावर उभ्या असलेल्या पुण्या-ठाण्याच्या कंपनीला २०१४चा तो निकाल पचला नसता.

ठाण्याकडची गोष्ट ‘बायोसेन्स’ या कंपनीची. पारोळ गावातल्या आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. अभिषेक सेन यांना बाळंतपणातल्या रक्तक्षयाची खरी किंमत दिसली. ते, डॉ. योगेश पाटील, मिश्किन इंगवले आणि सहकारी यांनी सुई न टोचता, बोटावर प्रकाश टाकून हिमोग्लोबिन सांगणारे ‘टचएचबी’ बनवायला घेतले. २०१२च्या टेड व्यासपीठावर इंगवले यांनी सांगितले की जमेपर्यंत ३२ वेळा करून पाहावे लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, त्यामुळे गरजेबद्दल वाद नव्हता. पण अंदाज देणे वेगळे आणि सावळ्या त्वचेच्या, हाताला घट्टे पडलेल्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या बोटावर भरवशाचा आकडा देणे वेगळे. ज्या टोकाला आकडा सर्वांत महत्त्वाचा, त्याच टोकाला अशी यंत्रे चुकण्याचा धोका अधिक. दरम्यान कंपनीने लघवीची पट्टी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचणारे ‘यूचेक’ आणले. २१ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे पत्र आले. पट्ट्यांना मान्यता नुसत्या डोळ्यांनी वाचण्यासाठी आहे, मोबाइलने वाचायचे तर त्या जोडणीची स्वतंत्र मान्यता हवी, असा त्याचा आशय. मोबाइल ॲपच्या क्षेत्रात हे पत्र जगभर चर्चिले गेले. सॉफ्टवेअरच्या वेगाने धावणारी कल्पना शरीरापाशी आली की तिला शरीराच्या नियमाने चालावे लागते, हे त्या पत्राने सगळ्यांना कळवले. या मुलांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे, आणि त्या पत्राबद्दलही.

आपल्या देशात लांबलेला काळ कसा निभावला गेला, यासाठी मी नेहमी चित्रा झडपेकडे वळतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली. पहिले नमुने फसले. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमची चौकट आणि विशेष पॉलिथिलिनची चकती हे जुळून आले. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्यानंतरच्या चार वर्षांत ३०६ रुग्णांवर अनेक केंद्रांत चाचणी झाली. कारखाना टीटीके उद्योगसमूहाने उभारला. झडप विकली जाण्याआधीच्या त्या वर्षांचा भार सरकारी संस्थेने वाहिला होता. खासगी पैसा आला तो वस्तू आकाराला आल्यावर. ही वाटणी मला न्याय्य वाटते. ज्या काळात काय होईल ते कुणालाच ठाऊक नसते, तो काळ सार्वजनिक पैशाने पेलावा.

पण याहून मोठी गोष्ट आपल्याच सीमेवर, बेळगावात घडली आहे, आणि ती मराठी वाचकाला जवळजवळ ठाऊक नाही. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत एक चाचणी मांडली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळायला मिसोप्रोस्टॉलची गोळी उपयोगी पडते का, असा प्रश्न होता. बाळंतपणे एएनएम बाई उपकेंद्रात किंवा घरी करत. त्यात अडचण आली ती मोजमापाची. रक्त किती गेले हे डोळ्यांनी पाहून सांगायचे तर प्रत्येकीचा अंदाज वेगळा, आणि बहुधा कमीच. म्हणून त्यांनी प्लास्टिकची एक चादर तयार केली. बाळंतिणीच्या खाली पसरायची, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. १६२० स्त्रियांवरच्या त्या चाचणीचा निकाल २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. धोक्याच्या रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. गोळीचे नाव झाले. चादर मागे राहिली.

ही चादरही वैद्यकीय उपकरणच. तिच्यात बॅटरी नाही, चिप नाही, आणि तिच्यावर नफा इतका थोडा की कुठल्या फंडाने तिच्याकडे पाहावे? तिच्यामुळे बाईचा जीव वाचतो का, याचा मोठा निर्वाळा मे २०२३मध्ये आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालये आणि दोन लाखांहून अधिक बाळंतपणे असा त्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीचा पसारा होता. अशाच खुणांच्या चादरीने रक्त मोजायचे आणि मर्यादा ओलांडली की उपचारांचा पूर्ण संच एकदमच द्यायचा, अशी ती रीत. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्याने मृत्यू, हे सगळे धरून प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. बेळगावच्या चादरीपासून इथवर येण्यात जवळपास दोन दशके गेली. बेळगावच्या चाचणीमागे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा आणि गेट्स फाउंडेशनचा पैसा होता, आणि ‘ई-मोटिव्ह’मागे पुन्हा गेट्स फाउंडेशनचाच. बाजाराने या वस्तूसाठी धीर धरला नाही, कारण धीर धरून त्याला मिळण्यासारखे काही नव्हते. ही दोन दशके कुणाच्या ताळेबंदात नुकसान म्हणून लिहिली गेली नाहीत. ती बाळंतिणींच्या खात्यावर पडली.

बेळगावच्या या घटनेतला दुसरा धडा विदर्भासाठी आहे. खेड्यात नीट चाचणी होऊ शकते. आणि ती विदर्भातही झाली आहे. नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने डॉ. अर्चना पटेल यांच्या नेतृत्वाखाली बेळगावची चाचणी ज्यात झाली त्याच आंतरराष्ट्रीय संशोधन-जाळ्यात पूर्व महाराष्ट्रातल्या गावांमधल्या गरोदर स्त्रियांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी होतात का, हे सहा देशांतल्या ११,९७६ स्त्रियांवर पाहिले गेले आणि निकाल २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रमाण ११ टक्क्यांनी घटले होते. त्यात बेळगाव आणि नागपूर ही भारतातली दोन केंद्रे होती. तरीही नव्या उपकरणाच्या चाचणीसाठी मुंबई-पुण्यातले मोठे रुग्णालय निवडायचे हीच रीत अजून आहे. तिथे एकेका प्राध्यापकाकडे एकाच वेळी अनेक चाचण्या असतात, रुग्ण दूरदूरचे असतात, घरी गेले की परत येत नाहीत. मग फॉलोअप गळतो, आकडा भरत नाही आणि चाचणी लांबते. म्हणजे गुंतवणूकदार ज्या उशिराला वैतागतो, त्यातला एक मोठा तुकडा रुग्णालयाच्या निवडीतूनच येतो. सिकलसेलचे किट तपासायचे तर सिकलसेलच्या गावात जावे, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

राज्यात बांधणी अगदीच नाही असे नाही. आयआयटी मुंबईत २०१४ साली प्रा. बी. रवी यांनी ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभारले ते राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या, म्हणजे राज्य सरकारच्याच पैशातून. त्याची शाखा नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे, मोहाडीपासून दोन तासांच्या आत. पुण्याच्या व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणी केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’चे ५० लाखांपर्यंतचे अनुदान नव्या कल्पनेला मिळते, दीड वर्षासाठी. नमुना बनवायला तेवढे पुरते. चाचणीपाशी येऊन ते संपते, आणि खरी दरी तिथूनच सुरू होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये उपकरण उद्योगासाठी ५०० कोटींची योजना जाहीर केली. तिच्यातले १०० कोटी खास चाचण्यांसाठी आहेत. प्राण्यांवरच्या अभ्यासाला अडीच कोटींपर्यंत आणि रुग्णांवरच्या चाचणीला पाच कोटींपर्यंत मदत मिळू शकते. उशिराचा भार खासगी पैशाने एकट्याने उचलावा ही अपेक्षा सरकारने प्रथमच इतक्या स्पष्टपणे सोडली, म्हणून मला ही योजना महत्त्वाची वाटते. १०० कोटी भागिले पाच कोटी म्हणजे वीस चाचण्या. देशाच्या मानाने हे थोडे आहे, पण रस्ता बरोबर आहे.

निकाल लागला की संपले, असेही समजू नये. अमेरिकेतल्या ‘सेकंड साइट’ने दृष्टी गेलेल्यांच्या डोळ्यांत बसवायचे ‘आर्गस’ हे यंत्र आणले. चाचण्या झाल्या, मान्यता मिळाली, साडेतीनशेहून अधिक जणांनी ते बसवून घेतले. २०२०पर्यंत कंपनीचा पैसा आटला आणि यंत्र डोळ्यांत असलेल्या माणसांना दुरुस्तीसाठी दारच उरले नाही. मान्यतेनंतर उपकरणावर लक्ष ठेवायला आपल्याकडे २०१५पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. तरी ९ जानेवारी २०२१ची रात्र भंडाऱ्यात कुणी विसरलेले नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. चौकशीनंतर तिचे मूळ बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या विजेच्या भागात असल्याचे सांगण्यात आले. वॉर्मर ही काही चाचणीतली नवी वस्तू नव्हती. तिची देखभाल, वायरिंग, रात्रपाळी, धोक्याची सूचना या गोष्टींसाठी सतत पैसा लागतो, आणि त्या पैशालाही धीर लागतो. त्याला परतावा नसतो.

गुंतवणूकदारांशी बोलताना मोहाडीच्या माणसाने दयेची भाषा वापरू नये असे मला वाटते. पुढच्या वेळी नवजात बाळांसाठीच्या सिकलसेल किटची चाचणी ठरेल तेव्हा मोहाडीचे ग्रामीण रुग्णालय हे तिचे एक केंद्र असावे, ही मागणी व्यवहाराची आहे. त्यासाठी काय लागेल? नमुने ठेवायला तापमानाची नोंद करणारा फ्रिज. फक्त या कामाची एक नर्स. रुग्णालयाच्या बदल्यांच्या यादीत नसलेली एक डेटा एंट्रीची जागा. आशाताईला प्रत्येक फॉलोअपमागे ठरलेला मोबदला आणि मोबाइलचा खर्च. आठवड्यातून दोनदा नागपूरला नमुने नेणारी गाडी. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीशी आधीच केलेला करार. मराठीत, समजेल असे संमतीपत्र, आणि त्यावर एक जादा ओळ: कंपनी बंद पडली तर या बाळाची पुढची तपासणी कोण करील, त्या कार्यालयाचे नाव. ही ओळ वगळता बाकी यादीचा वर्षाचा खर्च पुण्यातल्या त्या दहा जणांच्या कंपनीच्या तीन-चार महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त होणार नाही असा माझा अंदाज आहे. गळणारा फॉलोअप त्याने आवरता येईल. वाहकांची आणि आजाऱ्यांची नावे राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमाच्या नोंदीत आहेतच. सुरुवात त्या नोंदवहीपासून करता येते.